बोटीच्या मालकालाही भरतीचे गणित यायला हवे

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

मांडवा, किहीम, अलिबाग या पट्ट्यात घर घेणाऱ्यांची पुढची खरेदी हल्ली चाळीस-पंचेचाळीस फुटी मोटर क्रूझरची असते. घेणाऱ्यांपैकी पुष्कळांनी त्याआधी साध्या होडीचेही सुकाणू धरलेले नसते. गाडीला ड्रायव्हर ठेवतो तसा बोटीला सारंग आणि दोन खलाशी ठेवले की आपले काम संपले, अशी त्यांची समजूत असते. ही समजूत जिवावर बेतू शकते, म्हणून हे पत्र. सारंग कितीही जाणता असला तरी किती वाजता निघायचे, किती माणसे चढवायची आणि यंदा इंजिनावर खर्च करायचा की नाही, हे मालकच ठरवतो. पगारी माणूस मालकाला एकदा नको म्हणतो, दोनदा म्हणतो, तिसऱ्या वेळी मुकाट दोर सोडतो.

रविवारी मांडव्याहून मुंबईला परतण्याचेच घ्या. आपल्या कोळीवाड्यांत आणि कोकणात भरतीची वेळ काढण्याचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करायची. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती. पौर्णिमा-अमावास्येला ती दुपारी साडेअकरा-बाराच्या आसपास येते आणि पूर्ण ओहोटी संध्याकाळी सहाच्या सुमारास. आता उधाणाच्या रविवारी पाहुणे जेवून, वामकुक्षी आटोपून साडेतीनला धक्क्यावर येतात. त्या वेळी बंदरातले पाणी पूर्ण जोराने बाहेर ओढत असते आणि समोरून वायव्येचा दुपारचा वारा भरलेला असतो. पाणी एकीकडे, वारा दुसरीकडे, अशा वेळी लाट लांबट राहत नाही, आखूड आणि उभी होते. सकाळी ज्या पाण्यावरून २० नॉटने (तासाला २० सागरी मैल) सुखात आले, तिथे आता ८ नॉटलाही नाळ, म्हणजे बोटीचे पुढचे टोक, आपटते, भांडी फुटतात, मुले ओकतात. आणखी दोन तास थांबले तर मांडव्याला पाणी तळाला गेलेले असते आणि ते चढायची वाट पाहिली तर परतीचा प्रवास अंधारात होतो. मासेमारीसाठी पाण्यात बांधून ठेवलेल्या डोल जाळ्यांच्या बोयांना (तरंगत्या खुणांना) दिवे नसतात. सारंगाला हे सगळे ठाऊक असते. मालकाला ठाऊक असते तर जेवण बारालाच वाढले गेले असते.

मुंबई बंदरात उधाणाला पाणी चार ते साडेचार मीटर चढते-उतरते आणि ते सारख्या गतीने उतरत नाही. ओहोटीचे सहा तास धरले तर एकूण उताराचे बारा भाग करायचे. पहिल्या तासाला एक भाग, दुसऱ्याला दोन, तिसऱ्या आणि चौथ्या तासाला तीन-तीन, पाचव्याला दोन, सहाव्याला एक. उतार ४.२ मीटर असेल तर मधल्या दोन तासांत तासाला १.०५ मीटर पाणी कमी होते. पंचेचाळीस फुटी क्रूझरचा पाण्याखालचा भाग साधारण १.१ ते १.२ मीटर असतो. ओहोटीच्या तिसऱ्या तासात चिखलात रुतलेली बोट पाच-दहा मिनिटांत सुटली नाही तर पुढचे सहा-सात तास तिथेच. तळ चिखलाचा असेल तर वेळ जातो. खडकाचा असेल तर पंखे (प्रोपेलर), ते फिरवणारे दांडे म्हणजे शाफ्ट आणि सुकाणूची पाती जातात. तरत्या बोटीचे वजन पाणी पेलते, पण पाणी उतरल्यावर तेच चौदा-पंधरा टन वजन दोन पंख्यांवर येऊन बसते.

नांगराचेही तेच. तळावर नांगर नीट रुतायचा तर साखळी खोलीच्या किमान पाचपट सोडावी लागते, वारा असेल तर सातपट. पण खोली कोणत्या वेळची? ओहोटीला ४ मीटर पाण्यात नांगर टाकला, नाळेची उंची १.२ मीटर, वर चढणारे पाणी ४.५ मीटर. बेरीज ९.७ मीटर, म्हणजे साखळी आणि दोर मिळून जवळजवळ ४९ मीटर हवे. नवखा माणूस समोर ४ मीटर पाहतो, पाचपट म्हणून २० मीटर सोडतो आणि काठावर जाऊन बसतो. भरती चढली की तोच दोर जेमतेम दुप्पट उरतो, नांगर उचलला जातो आणि रिकामी बोट वाऱ्याबरोबर दुसऱ्याच्या बोटीवर जाते.

आता खरेदीकडे. पहिली चूक आकाराची. पोहायला येत नसताना खोल विहीर निवडावी तसे लोक पहिलीच बोट ४५ फुटांची घेतात. आमचे स्पष्ट मत असे की पहिला एक हंगाम, ऑक्टोबर ते मे, दुसऱ्याच्या किंवा भाड्याच्या बोटीवर सुकाणूपाशी उभे राहून काढावा आणि मग ३० ते ३६ फुटांची बोट बघावी. मोठी बोट एकट्याने हाताने अडवता येत नाही. धक्क्याकडे एक नॉटने सरकणारी पंधरा टनांची बोट पाय लावून थांबवायला गेलेल्या माणसाचा पाय मोडतो. दोन इंजिनांची बोट धक्क्याला लावताना सुकाणू मधोमध ठेवून फक्त गिअरवर खेळायचे असते: एक पुढे, एक मागे, मग न्यूट्रल, आणि थांबून बघायचे. हे चार-पाच सकाळी मोकळ्या पाण्यात एका बोयाभोवती केले की हाताला कळू लागते. नाळेला बाजूला ढकलणाऱ्या छोट्या पंख्यावर, म्हणजे थ्रस्टरवर, सगळी भिस्त ठेवणारे फसतात. विजेवरचा थ्रस्टर सतत दाबून धरला तर दोन-तीन मिनिटांत तापून बंद पडतो, आणि तो नेमका वारा असतानाच बंद पडतो.

दुसरा प्रश्न पंखे कसे बसवले आहेत याचा. मागच्या बाजूला बाहेर लोंबणारे स्टर्नड्राइव्ह कागदावर स्वस्त आणि चपळ दिसतात. जी बोट वापरून झाल्यावर पाण्याबाहेर ठेवता येते तिला ते चालतील. पण आपल्याकडे गेटवेसमोर बहुतेक खासगी बोटी महिनोन् महिने बोयाला बांधून पाण्यातच असतात. गरम, गाळकट पाण्यात स्टर्नड्राइव्हच्या रबरी बेलोजवर (पाणी अडवणाऱ्या घडीच्या नळीवर) आणि पाणी ओढण्याच्या छिद्रांत शिंपले धरतात. बेलोज फाटला की पाणी थेट बोटीत येते. आपल्या पाण्यात तळाखाली सरळ शाफ्टवर पंखा बसवलेली बोटच घ्यावी, असे आम्ही प्रत्येकाला सांगतो. महिनाभर न हललेल्या बोटीच्या तळावर आणि पंख्यावर शिंपल्यांचा थर बसतो, वेग पडतो, इंजिन तापते. त्यासाठी पंधरा-वीस दिवसांनी पाणबुड्याकडून पंखे आणि पाणी ओढण्याच्या जाळ्या खरवडून घ्याव्या लागतात.

जुनी बोट घेताना सर्व्हे विक्रेत्याच्या माणसाकडून करून घेऊ नये. सर्व्हेअर आपला, फी आपण द्यायची आणि अहवालही आपल्याच हाती. बोट पाण्याबाहेर काढल्याशिवाय तळ तपासला असे म्हणताच येत नाही. प्लॅस्टिकच्या हातोडीने ठोकत गेले की फायबरचे थर सुटले असतील तिथे आवाज बोदा येतो. ओलावा मोजणारे यंत्र बोट नुकतीच पाण्यातून काढलेली असताना फसवते, म्हणून ती काही दिवस कोरडी राहू द्यावी. तळावर फोड असतील आणि फोडल्यावर व्हिनेगरसारखा वास येत असेल तर ते ऑस्मोसिस: फायबरच्या आत पाणी शिरून राळेशी झालेली प्रक्रिया. त्याने बोट लगेच बुडत नाही, पण दुरुस्ती महाग आणि वेळखाऊ असते, तेव्हा किंमत त्या हिशेबाने खाली आली पाहिजे. डेकवर रेलिंगच्या खांबांभोवती पाय दाबून बघावे. स्क्रूच्या भोकातून पाणी शिरून आतले बाल्सा लाकूड कुजले असेल तर डेक मऊ लागतो.

तळातून पाणी घेणाऱ्या-सोडणाऱ्या झडपा, म्हणजे सगळे सी-कॉक, एकेक करून उघडून-बंद करून बघावेत. जो फिरत नाही तो नाहीच असे समजावे. साध्या पितळेचा सी-कॉक खाऱ्या पाण्यात जस्त गमावून गुलाबी आणि ठिसूळ होतो. पाण्याखाली ६० सेंटिमीटरवरचा ३८ मिलिमीटरचा पाइप निसटला तर मिनिटाला शंभर लिटरहून जास्त पाणी आत येते. तळात साचलेले पाणी उपसणाऱ्या बिल्ज पंपाच्या डब्यावर छापलेला आकडा उंची आणि पाइपची लांबी धरल्यावर बराच खाली येतो, तेव्हा एका पंपाच्या भरवशावर राहू नये. पाण्याच्या पातळीखालच्या प्रत्येक नळीला आवळून धरणाऱ्या दोन पट्ट्या आणि प्रत्येक सी-कॉकशेजारी दोरीने बांधलेली निमुळती लाकडी खुंटी, ही जुनी पद्धत आजही तितकीच खरी आहे.

इंजिनाच्या चाचणीसाठी जाल तेव्हा पहिल्यांदा ब्लॉकवर हात ठेवा. तो गरम असेल तर त्या दिवशी माघारी फिरा. आधी चालवून ठेवलेले इंजिन सकाळी सुरू व्हायला किती कुरकुरते ते लपते. थंड इंजिन सुरू होताना थोडा धूर येतो, तो काही मिनिटांत गेला पाहिजे. पांढरा धूर टिकला तर न जळलेले डिझेल किंवा आत शिरलेले पाणी, निळा म्हणजे तेल जळते आहे, भार आल्यावर काळा म्हणजे हवा कमी पडते आहे किंवा इंजिनावर झेपेना इतका भार आहे. मग मोकळ्या पाण्यात थोडा वेळ पूर्ण थ्रॉटल द्यायचा आणि आकडा बघायचा. मिनिटाला २,८०० फेऱ्यांचे इंजिन २,५०० च्या वर जात नसेल तर तळ घाण आहे, पंखे चुकीचे आहेत किंवा इंजिन थकले आहे. अशा अवस्थेत वर्षानुवर्षे चाललेले डिझेल इंजिन आतून भाजलेले असते. दोन्ही इंजिनांच्या आणि गिअरबॉक्सच्या तेलाचे नमुने प्रयोगशाळेत द्यावेत. तेलात सोडियम सापडले तर समुद्राचे पाणी किंवा कूलंट कुठून तरी आत येत असण्याची शक्यता असते. दहा वर्षांत केवळ दोनशे तास चाललेले इंजिन म्हणून हुरळून जाऊ नये. उभ्या राहिलेल्या इंजिनाचे कूलर आणि एक्झॉस्टचे वळणाचे पाइप आतून सडतात.

आपल्या बंदराच्या पाण्यात गाळ आणि प्लॅस्टिक भरपूर. समुद्राचे पाणी खेचणाऱ्या पंपातले रबरी पात्यांचे चक्र, म्हणजे इंपेलर, गाळाने झिजतो, आणि जाळीवर पिशवी किंवा जेलीफिश बसली तर कोरडा फिरून मिनिटा-दोन मिनिटांत फाटतो. म्हणून इंजिन सुरू केल्यावर मागे वाकून एक्झॉस्टमधून पाणी पडते की नाही हे आधी बघायचे, बाकी सगळे नंतर. दोन्ही इंजिनांचे आणि जनरेटरचे सुटे इंपेलर, पट्टे, डिझेल फिल्टर बोटीवर हवेत. टाकीत पाणी साचले की डिझेल आणि पाण्याच्या सीमेवर जंतू वाढून काळा चिकट गाळ होतो. शांत पाण्यात तो तळाशी बसून राहतो. लाटांत ढवळला की फिल्टर तुंबतात आणि दोन्ही इंजिने पाठोपाठ बंद पडतात, तीही गरज सर्वांत जास्त असताना. दर आठवड्याला फिल्टरखालच्या काचेच्या वाटीतले पाणी काढावे.

अमेरिकेतून येणाऱ्या जुन्या बोटी स्वस्त दिसतात. त्यांची वीज १२० व्होल्ट, ६० सायकलची (हर्ट्झ) असते, आपली २३० व्होल्ट, ५० सायकलची. नुसता ट्रान्सफॉर्मर लावून एसी आणि पंपांच्या मोटरींचे भागत नाही, कारण तो व्होल्टेज बदलतो, सायकल बदलत नाही. जनरेटर, एसी, चार्जर बदलायचा खर्च किमतीत धरावा. बोटीच्या मागच्या बाजूला उजवीकडे कोरलेला हल (सांगाड्याचा) क्रमांक कागदांवरच्या क्रमांकाशी जुळवावा. अमेरिकी बोटींत तो बारा अक्षरांचा असतो. कस्टम्सचे कागद आणि आधीच्या देशातील नोंदणी रद्द झाल्याचा दाखला नसेल तर पैसे देऊ नयेत. नव्या बोटीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी ४० टक्के आहे, तो बोलणी करताना विसरला जातो. नोंदणी महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाकडे करायची, बोटीवरून बोलायच्या व्हीएचएफ रेडिओचा परवाना वेगळा. विम्याच्या पॉलिसीत पावसाळी महिन्यांसाठी काय अट आहे ती सही करण्याआधी वाचावी.

चालवण्याच्या खर्चाचा ढोबळ अंदाज: वर्षाला बोटीच्या किमतीच्या दहा टक्के. प्रत्येकी ४०० अश्वशक्तीची दोन डिझेल इंजिने पूर्ण जोरात तासाला १५० लिटर पितात, २०-२२ नॉटच्या नेहमीच्या धावेला शंभर-एकशेदहा. गेटवे ते मांडवा सात-आठ सागरी मैल, म्हणजे जाऊन-येऊन सत्तर-ऐंशी लिटर डिझेल, लिटरला नव्वदच्या आसपास भाव धरला तर साडेसहा-सात हजार रुपये. हीच बोट ७ नॉटने गेली तर मैलामागे निम्म्याहून कमी डिझेल लागते. टाकीचा एक तृतीयांश जायला, एक यायला आणि एक राखीव. बोयावर वीज नसल्याने एसीसाठी जनरेटर चालतो, त्याचे तासाला दोन-तीन लिटर वेगळे.

जनरेटर चालू असताना मागच्या पोहण्याच्या फळीवर कोणाला बसू देऊ नये. एक्झॉस्टमधला कार्बन मोनॉक्साइड तिथे साचतो, त्याला वास नसतो आणि पेंग आली असे वाटत माणूस पाण्यात पडतो. प्रत्येक केबिनमध्ये त्याचा अलार्म हवा.

माणसे किती? युरोपीय बोटीवर एक पाटी असते. तिच्यावर बोट किती मोठ्या लाटेत चालेल त्याचा वर्ग आणि प्रत्येक वर्गात माणसांची संख्या लिहिलेली असते. बी वर्ग म्हणजे ४ मीटरपर्यंतची लाट, सी म्हणजे २ मीटरपर्यंतची. हिशेब दर माणशी ७५ किलोंचा. ती संख्या साऱ्या बोटीत पसरून बसलेल्या माणसांची आहे. वाढदिवसाला पंधरा जण वरच्या फ्लायब्रिजवर (छतावरच्या उघड्या मजल्यावर) गेले तर अकराशे किलो वजन पाण्यापासून चार मीटर उंचीवर जाते आणि आडवी लाट आली की बोट परत सरळ व्हायला वेळ लावते.

१८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीकडे जाणाऱ्या नीलकमल बोटीवर इंजिनाची चाचणी घेणारी नौदलाची स्पीडबोट आदळली आणि १५ जीव गेले. त्या दुपारी समुद्र शांत होता. लाइफ जॅकेट बाकाखाली बांधून ठेवलेले असेल तर अशा वेळी ते घालायला मिनिटही मिळत नाही, म्हणून मुलांना त्यांच्या मापाचे, पायांतून पट्टा असलेले जॅकेट धक्क्यावरच चढवावे. आणि या बंदरात बघत राहणे हेच पहिले काम. येणाऱ्या जहाजाची दिशा आपल्या कुठल्या तरी खांबाशी जुळवून धरावी. अंतर कमी होत असताना दिशा बदलत नसेल तर टक्कर होणार. मोठ्या जहाजांच्या चॅनेलमध्ये (ठरलेल्या जलमार्गात) २० मीटरपेक्षा लहान बोटीने त्यांच्या वाटेत यायचे नसते, आधी जाण्याचा हक्क कोणाचा याची चर्चा तिथे नाही. कंटेनरचे जहाज थांबायला किलोमीटरच्या वर लागतो आणि त्याच्या नाळेपुढचे काहीशे मीटर पाणी जहाज चालवणाऱ्यांच्या कक्षातून दिसतही नाही. बंदरात शिरताना लाल बोया डावीकडे, हिरवा उजवीकडे. अमेरिकेत शिकलेल्यांना हे उलटे वाटते.

शेवटी सारंग स्वतःच पाण्यात पडला किंवा छातीत कळ येऊन बसला तर? मालकाला आणि घरातल्या आणखी एकाला पाच गोष्टी तरी यायलाच हव्यात: इंजिन न्यूट्रलला आणणे, पाण्यात पडलेल्या माणसाकडे हाताचे बोट सतत रोखून ठेवणे, नांगर टाकणे, सी-कॉक बंद करणे आणि व्हीएचएफच्या १६ नंबरवर ‘मेडे’ ही संकटाची हाक तीनदा, बोटीचे नाव तीनदा, जागा, अडचण आणि माणसांची संख्या सांगणे. तटरक्षक दलाचा १५५४ हा फोन क्रमांक केबिनमध्ये लिहून लावावा. या पाच गोष्टी शिकण्यासाठी मुंबईत दोन दिवसांचे पॉवरबोट प्रशिक्षण मिळते. खासगी बोटीची नोंदणी करताना मेरीटाइम बोर्डाने सारंगाबरोबर मालकाचेही असे प्रमाणपत्र मागावे, ही आमची जाहीर मागणी आहे.

आणि आपल्याकडे एक विनंती. पावसाळ्यात मोठ्या भरतीच्या दिवशी आपण तिची वेळ आणि उंची ठळक छापता. तशीच ती ऑक्टोबर ते मे दर शनिवारी छापावी: शनिवार-रविवारच्या दोन्ही भरत्या आणि दोन्ही ओहोट्या, वेळ आणि मीटरमधली उंची, शेजारी तिथी. चार ओळींची जागा लागेल. जेवणाची वेळ त्यावरून ठरवता येईल.

आपले,
मोटर बोटींचे सर्व्हे करणारे काही वाचक
मांडवा, ता. अलिबाग